ऑरिनचा कोल्हा

माझा धंदा तोंडाचा. चाळीस वर्षं मी अमेरिकेत, माँटानातल्या जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारला. बैल रिंगणात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत माझी जीभ थांबायची नाही, आणि बाजार उठला तरी थांबायची नाही, ही माझ्या बायकोची, व्हर्नाची, कायमची तक्रार. "गेलन स्ट्राउडच्या जिभेला हाड नाही," असं सगळं गाव म्हणायचं आणि मी ते कौतुक समजून मिरवायचो. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पण सांगायचंय ते ऑरिन स्कोगेनबद्दल. मी मध्येमध्ये येईन, त्याला इलाज नाही. घाण मी केलीय.

ऑरिन आमच्या गावात बंदुका दुरुस्त करतो. पेंडीच्या दुकानामागं त्याची खोली, तिथं एक शेगडी, एक दिवा आणि तेलाचा वास. सत्तरी ओलांडली तरी ताठ. दिवसाला दहा शब्द बोलणार, त्यातले चार 'हं'. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "तिला विचारायचं होतं, राहून गेलं." कोण ती, हे त्यानं कधी सांगितलं नाही. माझ्यासारख्यानं तीस वर्षं खोदून खोदून विचारूनही नाही, म्हणजे बघा.

त्याचं दुसरं एक काम होतं. ते मला कळलं त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. महिनाभर गाडी चालवायची नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं, म्हणून मी त्याला फिरवत होतो. एक दिवस दुपारी म्हणाला, "व्हर्जिलकडं घे." व्हर्जिल कूट्स म्हणजे पाणीपुरवठ्याचा माणूस. त्याची बायको महिन्यापूर्वी मुलांना घेऊन निघून गेली होती. आम्ही पोचलो तर व्हर्जिल दारात उभा, दाढी वाढलेली, अंगात भर दुपारी झोपायचे कपडे.

ऑरिननं टोपी काढली. "व्हर्जिल, कोल्ह्यानं हैराण केलंय रे."

"तुला? तुझ्याकडं एक कोंबडी तरी आहे का?"

"लंगडा आहे, पण बेरकी. बंदूक उसनी दे."

"तुझं अख्खं दुकान बंदुकांनी भरलंय, ऑरिन."

"त्या लोकांच्या आहेत."

व्हर्जिलनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग खाली बघितलं. "कुठली देऊ?"

"कुठली लागू पडेल सांगता येत नाही. सगळ्याच दे."

आणि व्हर्जिलनं आणल्या की! एकेक करून सहा. बदकं मारायची, हरणाची, बापाची, आणि शेवटी रुमालात गुंडाळलेलं आजीचं चिमुकलं पिस्तूल. कोल्हा मारायला आजीचं पिस्तूल! मला हसू फुटणार तेवढ्यात ऑरिननं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी ते गिळलं. परत येताना मी विचारलं, "हे काय होतं रे?"

"कोल्हा," तो म्हणाला.

मग मला उमगलं. आमच्याकडं माणसाला 'तुझी बंदूक दे, तुझं डोकं ठिकाणावर नाही' असं म्हणता येत नाही. तसं म्हणणाऱ्याला तो दारातून हाकलून देईल, आणि बरोबरच करेल असं निम्मं गाव म्हणेल. पण शेजाऱ्याला कोल्ह्यासाठी बंदूक नाकारणं? तसा दळभद्री माणूस आमच्या तालुक्यात जन्मायचाय. म्हणून ऑरिन कोल्हा घेऊन जायचा. बायका त्याला गुपचूप फोन करायच्या, कधी पाद्री, कधी मुलगी. तो जायचा. समोरच्याला माहीत असायचं की कोल्हा नाही. ऑरिनला माहीत असायचं की त्याला माहीत आहे. दोघंही चेहरा सरळ ठेवायचे आणि कुणाचीच मान खाली जायची नाही.

पुढं व्हर्जिल अधूनमधून दुकानात यायचा. "मिळाला का कोल्हा?"

"अजून नाही."

असं सात महिने. मग एक दिवस ऑरिननं त्याला नीट न्याहाळलं. दाढी केलेली, मुलं सुट्टीला आलेली. म्हणाला, "मिळाला काल. घेऊन जा तुझ्या." सहाही बंदुका पुसून, तेल लावून, बापाच्या रायफलीचा फुटका दस्ता जोडून दिल्या होत्या.

मी त्याला फिरवत होतो त्या महिन्यातच एकदा गाडीत त्यानं मला नेल्सचं सांगितलं. नेल्स हा त्याचा धाकटा भाऊ. ऑरिन तेव्हा पंचविशीतला, नुकतं दुकान टाकलेलं. नेल्सनं रायफल दुरुस्तीला दिली होती. एक दिवस येऊन म्हणाला, "झाली का? लागेल मला." मार्च महिना. कसलाच हंगाम नव्हता. ऑरिनच्या मनात आलं, याला आत्ता कशाला लागतेय? पण माणसाची बंदूक माणसाची. विचारायचं नसतं. त्यानं ती साफ केली, तेल लावलं, फडक्यात गुंडाळून भावाच्या हातात दिली.

"चांगली चालत होती," ऑरिन म्हणाला. "मीच नीट केली होती."

इतकी वाक्यं त्यानं एका दमात कधी बोललेली मी ऐकली नव्हती. "हे कुणाला नाही," तो म्हणाला. मी म्हणालो, "माझ्या पोटात राहील." माझ्या पोटात!

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ मी कशी उघडली, ते सांगतो.

त्या फेब्रुवारीत एक विधेयक आलं होतं. घरच्यांना वाटलं की आपला माणूस स्वतःच्या जिवाचं काही करेल, तर त्यांनी न्यायाधीशाकडं अर्ज करायचा आणि न्यायाधीश काही महिन्यांपुरत्या त्याच्या बंदुका काढून घ्यायला सांगू शकेल, असं ते होतं. माँटानात असलं काही बोलणं म्हणजे चर्चमध्ये शिवी हासडणं. शाळेच्या जिममध्ये सभा ठेवली. आमदार रेडफर्न बाई समजावून सांगायला आल्या होत्या. बाई इकडच्याच, गुरं राखून मोठ्या झालेल्या, शांत बोलत होत्या. लोक ऐकेनात. "आज म्हाताऱ्याच्या काढाल, उद्या माझ्या!" "घटनेनं दिलेला हक्क आहे, तुमच्या बापानं नाही!" कुणीतरी ओरडलं, "गेलन, तू बोल रे! तुझ्याशिवाय कोण?"

झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला मला शिडीसुद्धा लागत नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला. आधी दोन विनोद केले, बाईंच्या बुटांवरून. लोक खिदळले. मग मी आवाज खाली आणला, लिलावात शेवटच्या बोलीला आणतो तसा. "बाई, आम्हाला कायदा नको. आमच्या माणसांची काळजी आम्ही घेतो. कशी घेतो सांगू?" आणि मी सांगितलं. सगळं. दारात टोपी काढून उभं राहणं, लंगडा कोल्हा, 'सगळ्याच दे', आजीचं पिस्तूल. नाव घेतलं नाही व्हर्जिलचं, पण गावात आजीचं पिस्तूल कुणाकडं आहे हे काय कुणाला माहीत नाही? व्हर्जिल तिसऱ्या रांगेत होता. लोक हसतही होते, डोळेही पुसत होते. इतकं भरलेलं रिंगण मला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. तेवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. मी नेल्सचंही सांगितलं. 'मीच नीट केली होती' हे वाक्य मी ऑरिनच्या आवाजात म्हणून दाखवलं.

अख्खी जिम उभी राहिली. टाळ्या थांबेनात. मागच्या भिंतीला टेकून ऑरिन उभा होता. त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि दार उघडून निघून गेला. मला वाटलं, लाजला असेल कौतुकानं. खरंच असं वाटलं मला. गाढव नुसता!

माझं भाषण कुणीतरी फोनवर टिपून घेतलं. ते देशभर फिरलं. बंदुकवाल्यांच्या एका संघटनेनं गाडीला लावायचे स्टिकर छापले, त्यावर लंगड्या कोल्ह्याचं चित्र आणि खाली 'आमचा कोल्हा आम्ही बघू'. गावातल्या निम्म्या गाड्यांच्या मागं ते लागले. माझ्या गाडीला दोन. विधेयक पडलं. ते तसंही पडणारच होतं, पण मी कॉफीच्या टेबलावर त्याचं श्रेय घेतलं ते घेतलंच.

आणि शब्द नासला. हॉटेलात कुणी जरा गप्प बसलेलं दिसलं की दुसरा म्हणायचा, "काय रे, कोल्हा येऊन गेला वाटतं?" की सगळे फिदीफिदी हसणार. ऑरिनच्या मागच्या खोलीत तेव्हा दोघांच्या बंदुका होत्या. दोघंही येऊन घेऊन गेले, मान खाली घालून, मागच्या दारानं. ऑरिन नाही म्हणू शकला नाही. ज्याच्या त्याच्या त्या. व्हर्जिलनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी व्हर्नाला म्हणालो, "लोकांना जरा गंमत कळत नाही." ती भांडी घासत होती. मागं न बघता म्हणाली, "तुला लाज कळत नाही."

एप्रिलमध्ये रॉयसचं झालं.

रॉयस ॲमडाल माझा जिवाभावाचा मित्र. शाळेत विज्ञान शिकवायचा. दर शरदात आम्ही दोघं एकाच तंबूत, एकाच शेगडीवर, एल्कच्या, आमच्याकडच्या सांबराच्या, शिकारीला. त्याची बायको नडीन आदल्या ऑक्टोबरात वारली. त्यानंतर तो सगळ्यांना 'मस्त' असं सांगायचा. त्याची मुलगी कार्ला दूर स्पोकेनला नर्स आहे. तिनं ऑरिनला फोन केला की बाबा घरातल्या वस्तू लोकांना वाटून टाकतायत, आईचे कपडे, माशांचे गळ, सगळं.

ऑरिन रॉयसकडं गेला. आणि तिथून थेट बाजारात, माझ्याकडं आला. सभेनंतर पहिल्यांदाच. मी हात पुढं केला, त्यानं घेतला नाही.

"रॉयस नाही म्हणाला."

"काय नाही म्हणाला?"

"मी म्हटलं, कोल्ह्यानं हैराण केलंय. तो हसला. मला कॉफी दिली. म्हणाला, 'मी जिममध्ये होतो ऑरिन. मी पण टाळ्या वाजवल्या.'" ऑरिननं टोपी हातातल्या हातात फिरवली. "म्हणाला, 'मी काही तसल्यातला नाही. लोकांना सांग, माझ्याकडं कोल्हा आलेला नाही.' आता तू जा. तू त्याचा मित्र. माझ्याकडं दुसरा शब्द नाही."

गेलो. त्याच संध्याकाळी गेलो. व्हर्नानं भाजलेल्या खिम्याचा डबा बांधून दिला होता. रॉयसनं दार उघडलं, केस विंचरलेले, सदरा इस्त्रीचा. मला इतकं बरं वाटलं! त्याच्या मागं भिंतीशी बंदुकांचं कपाट होतं, काचेचं, त्यात सात. सगळं वाक्य मी गाडीत घोकून आलो होतो. 'रॉयस, तुझ्या बंदुका काही दिवस माझ्याकडं ठेवूया.' एवढंच. चाळीस वर्षं तोंडाचं खाल्लं, मला हे एक वाक्य म्हणता आलं नाही. ज्या तोंडानं सगळ्या देशासमोर ओरडलो की आमच्या बंदुकांना कुणी हात लावायचा नाही, त्या तोंडानं मागू कसा?

रॉयसच म्हणाला, "ऑरिन आला होता. तू काही त्यासाठी नाही ना आलास?"

"छे! माझं काय डोकं फिरलंय?" मी म्हणालो.

तो हसला. मीही हसलो. मग आम्ही सांबरांबद्दल बोललो. त्यानं सफरचंदाचा केक कापला, शेजारणीनं दिलेला. निघताना त्यानं मला त्याची दुर्बीण दिली. "ठेव, तुझी धुरकट झालीय." मी घेतली! ती चांगली होती म्हणून मी ती घेतली. वाटून टाकतोय हे मला ऑरिननं सांगितलेलं होतं तरी.

चौथ्या दिवशी पोस्टमनला तो सापडला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम आणि बटाट्याचं. मी ताट घेऊन कोपऱ्यात उभा होतो. कार्ला माझ्यासमोर आली. लहानपणी ती माझ्या खांद्यावर बसून लिलाव ऐकायची.

"गेलनकाका," ती म्हणाली, "तो कायदा झाला असता तर मी न्यायाधीशाकडं गेले असते. तो तुम्ही हसण्यावारी नेलात. बरं, कायदा नाही तर नाही, ऑरिनकाका होते. तेही तुम्ही बोलून संपवलंत. मग माझ्यासाठी ठेवलंत काय?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या ताटाकडं बघून म्हणाली, "जेवा, गार होतंय," आणि गेली.

लोक मला विचारतात, मग आता तू कायद्याच्या बाजूचा झालास का? खरं सांगू, मला माहीत नाही. न्यायाधीश, पोलीस, दारात गाडी, हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. पण मी सभेत म्हणालो होतो की आमच्या माणसांची काळजी आम्ही घेतो. घेत होता एकटा ऑरिन. मी फक्त 'आम्ही' म्हणत होतो.

गाडीच्या मागचा एक स्टिकर मी सुरीनं खरवडला. दुसऱ्याचा अर्धा कोल्हा निघालाच नाही, अजून आहे. उन्हाळ्यात मी लिलाव सोडला. रिंगणात उभा राहिलो की तोंड उघडायचं, पण आतून काही यायचं नाही. घरी आलो की दिवसभर खुर्चीत. रॉयसची दुर्बीण मांडीवर घेऊन बसायचो, डोळ्याला कधी लावली नाही. झोप गेली. माझ्या मनात काय काय यायचं ते मी व्हर्नालासुद्धा सांगितलं नाही. तिनं विचारलं की मी म्हणायचो, "मस्त." रॉयसचाच शब्द.

ऑक्टोबर आला. शिकारीचा हंगाम सुरू व्हायला आठ दिवस होते. दुपारी तीनच्या सुमाराला दार वाजलं. उघडलं तर ऑरिन, टोपी हातात धरून.

एप्रिलपासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. बोलणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. माझं तोंड बघायची त्याला काय गरज? मागं स्वयंपाकघरात व्हर्नाच्या भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला. मला कळलं, फोन कुणी केला ते.

ऑरिन माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत म्हणाला, "गेलन, कोल्ह्यानं हैराण केलंय रे."

ज्या शब्दाच्या मी चावडीवर चिंध्या केल्या, तोच शब्द हा माणूस माझ्या दारात घेऊन उभा होता. सभेत मी त्याची नक्कल केली होती, अगदी हाच सूर काढून. आणि तो तसाच उभा, ताठ. चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती.

मला म्हणायचं होतं, ऑरिन, मला माफ कर. नेल्सबद्दल माफ कर, रॉयसबद्दल माफ कर. पण तसं म्हटलं असतं तर ते पुन्हा माझंच भाषण झालं असतं. मी एवढंच विचारलं, "कुठली देऊ?"

"कुठली लागू पडेल सांगता येत नाही," तो म्हणाला. "सगळ्याच दे."

पाच होत्या. माझ्या हातानं मी एकेक त्याच्या गाडीत नेऊन ठेवली. समोरच्या ओट्यावरून शेजारी बघत होते. हंगामाच्या तोंडावर ज्याच्या घरातून बंदुका निघतात त्याचं काय झालंय हे आता आमच्या गावात शेंबडं पोरही ओळखतं. ती अक्कल मीच दिली. शेवटची माझ्या बापाची होती, ती मी धरूनच राहिलो. ऑरिननं ती अलगद माझ्या हातातून काढून घेतली.

त्या शनिवारी मी त्याच्या दुकानात गेलो. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीला लाकडी फळी, तिला सात खाचा पाडलेल्या, अजून कोऱ्या लाकडाच्या. माझ्या पाच त्यावर ओळीनं उभ्या होत्या. सहावी आणि सातवी खाच रिकामी. फळीच्या कडेला पेन्सिलीनं महिना लिहिला होता, एप्रिल, आणि खाली नाव. रॉयस.

ऑरिन कानस चालवत होता. मी टोपी काढली.

"मिळाला का कोल्हा?"

"अजून नाही," तो म्हणाला. मान वर न करता त्यानं पायानंच दुसरा स्टूल माझ्याकडं सरकवला. "पुढच्या शनिवारी ये."